पाच स्पीकर असूनही आवाज समोरूनच का येतो? होम थिएटरसाठी ऑडिओ आउटपुट कसे निवडावे

दिवाणखान्यात पाच स्पीकर आणि एक सबवूफर बसवलेला आहे. मागच्या भिंतीपर्यंत वायर नेण्यासाठी पट्टीही मारून झाली आहे. चित्रपटात पाऊस सुरू होतो, हेलिकॉप्टर डोक्यावरून जाते, पण आवाज टीव्हीच्या बाजूनेच येत राहतो. मागचे स्पीकर गप्प तरी असतात, नाही तर समोरचाच आवाज बारीक करून पुन्हा वाजवत असतात. अशा वेळी पहिला संशय स्पीकरवर जातो आणि नवा संच घ्यावा का, याची चर्चा घरात सुरू होते.

नवी खरेदी करण्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक किंवा ब्लू-रे प्लेअरच्या मेनूमध्ये ‘ऑडिओ आउटपुट’ किंवा ‘डिजिटल साउंड आउट’ नावाचा पर्याय असतो. त्याखाली ‘पीसीएम’, ‘बिटस्ट्रीम’, ‘ऑटो’, ‘पासथ्रू’ असे शब्द दिसतात. चुकीचा पर्याय निवडला गेला असेल तर सहा वाहिन्यांचा आवाज वाटेतच दोन वाहिन्यांचा होतो. पडद्यावर त्याची कोणतीही सूचना येत नाही.

५.१ म्हणजे नेमके काय?

५.१ ध्वनीत सहा स्वतंत्र वाहिन्या असतात. समोर डावी, समोर उजवी आणि मधली म्हणजे सेंटर, तसेच श्रोत्याच्या बाजूला किंवा किंचित मागे डावी आणि उजवी. या झाल्या पाच. ‘पॉइंट वन’ ही सहावी वाहिनी स्फोट, गडगडाट अशा खोल आवाजांसाठी राखलेली असते. तिच्यात साधारण १२० हर्ट्झपर्यंतचेच आवाज असतात, म्हणून तिला पूर्ण वाहिनी न मानता दशांशानंतर लिहितात. ७.१ मध्ये मागे आणखी दोन वाहिन्या येतात. ५.१.२ मधला शेवटचा आकडा छताकडून येणाऱ्या आवाजाच्या स्पीकरचा असतो.

चित्रपटगृहात डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’सोबत आले, तर डीटीएस १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’सोबत. पुढे डीव्हीडीने हे दोन्ही प्रकार घरात आणले. आवाजाला उंचीची जोड देणारे डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’पासून सुरू झाले.

या सहा वाहिन्यांपैकी सेंटर सर्वांत महत्त्वाची, कारण चित्रपटातील बहुतेक संवाद तिच्यातच असतात. संवाद नीट ऐकू येत नाहीत या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते.

गादी गुंडाळून न्यायची की उलगडून?

घर बदलताना कापसाची गादी गुंडाळून, दोरीने बांधून नेतात. अरुंद जिन्यातून ती सहज जाते आणि नव्या घरी पोहोचल्यावर उलगडली जाते. जुन्या घरातूनच ती उलगडून न्यायची म्हटले, तर जिना आणि दरवाजा रुंद हवा.

डिजिटल आवाजाचेही असेच आहे. स्ट्रीमिंग सेवा किंवा डिस्कवरचा ५.१ आवाज डॉल्बी किंवा डीटीएसच्या पद्धतीने गुंडाळलेला असतो. हा गुंडाळलेला प्रवाह जसाच्या तसा पुढे पाठवणे म्हणजे ‘बिटस्ट्रीम’. काही उपकरणांत यालाच ‘पासथ्रू’ किंवा ‘रॉ’ म्हणतात. मग तो उलगडण्याचे, म्हणजे डिकोडिंगचे काम एव्ही रिसीव्हर किंवा साउंडबार करतो. प्लेअर किंवा टीव्हीनेच आवाज उलगडून वेगवेगळ्या वाहिन्यांचे आकडे पुढे पाठवले, तर ते ‘पीसीएम’.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बिटस्ट्रीम भारी आणि पीसीएम हलके, किंवा याच्या उलट, असे काही नसते. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या ब्लू-रेवरील प्रकारांत मूळ आवाजातील काहीही गळत नाही. तो प्लेअरने उलगडला काय किंवा रिसीव्हरने उलगडला काय, हाती तेच आकडे येतात. डॉल्बी डिजिटलमध्ये कानाला न जाणवणारा तपशील गाळलेला असतो, पण तो गुंडाळतानाच गाळला गेलेला असतो. उलगडण्याची जागा बदलली म्हणून तो परत येत नाही. त्यामुळे निवड करताना विचारायचा प्रश्न एकच : दोन उपकरणांमधला जिना किती रुंद आहे?

जिन्याची रुंदी : ऑप्टिकल, आर्क आणि ई-आर्क

थोडे गणित केले की चित्र स्पष्ट होते. चित्रपटांच्या आवाजात सहसा सेकंदाला ४८,००० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटचा धरला, तर दोन वाहिन्यांच्या पीसीएमला सेकंदाला सुमारे १५ लाख बिट लागतात. सहा वाहिन्यांना सुमारे ४६ लाख लागतात. हाच सहा वाहिन्यांचा आवाज डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलमध्ये जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटमध्ये, म्हणजे जवळपास दहाव्या हिश्श्यात मावतो.

ऑप्टिकल केबल : टोकाला लाल प्रकाश दिसणारी ही केबल १९८३ मध्ये तोशिबाने आणली. तिच्यातून दोन वाहिन्यांचे पीसीएम जाते. गुंडाळलेले डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ देखील जाते. सहा वाहिन्यांचे पीसीएम मात्र जात नाही. डॉल्बी डिजिटल प्लस, ट्रूएचडी आणि अ‍ॅटमॉसही तिच्यातून जात नाहीत.

एचडीएमआय आर्क : २००९ च्या एचडीएमआय १.४ सोबत ही सोय आली. टीव्हीतला आवाज त्याच एचडीएमआय केबलने उलट दिशेने साउंडबारकडे जातो. बहुवाहिनी पीसीएम इथेही जात नाही. डॉल्बी डिजिटल जाते, आणि टीव्हीत सोय असेल तर डॉल्बी डिजिटल प्लसही जाते. स्ट्रीमिंग सेवांवरचा अ‍ॅटमॉस सहसा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बसवलेला असल्याने तो साध्या आर्कवरूनही मिळू शकतो.

एचडीएमआय ई-आर्क : २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये आलेल्या या प्रकाराची क्षमता सुमारे ३७ मेगाबिट प्रतिसेकंद आहे. आठ वाहिन्यांचे पीसीएम, ट्रूएचडी, डीटीएस-एचडी हे सर्व त्यातून जाते. त्यासाठी टीव्ही आणि साउंडबार अशा दोन्ही बाजूंना ई-आर्क असावे लागते.

ब्लूटूथ : टीव्हीपासून होम थिएटरपर्यंत ब्लूटूथने आवाज नेला, तर तो दोन वाहिन्यांचाच असतो. मागचे स्पीकर वाजले, तरी ते समोरच्याच आवाजाची नक्कल करत असतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘५.१’ असे लिहिलेले अनेक संच मिळतात. खरेदी करताना त्यांची मागची बाजू पाहावी. तिथे लाल-पांढऱ्या पिनांची एकच जोडी, ऑक्स आणि ब्लूटूथ एवढेच असेल, तर त्या संचाला सहा वेगळ्या वाहिन्या मिळण्याचा मार्गच नाही. खोक्यावरचा आकडा तिथे फक्त स्पीकरची संख्या सांगतो. एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडणी आणि डॉल्बी डिजिटल डिकोडर असेल, तरच खरा ५.१ आवाज ऐकायला मिळतो. काही जुन्या संचांत सहा स्वतंत्र पिनांची सोय असते. अशा संचाला सहा पिनांचाच आउटपुट असलेला डीव्हीडी प्लेअर जोडला, तर आवाज प्लेअरमध्ये उलगडतो आणि सहा वायरींनी संचात जातो.

‘ऑटो’वर कितपत भरवसा ठेवावा?

एचडीएमआयने जोडलेली उपकरणे आधी एकमेकांशी बोलतात. टीव्ही बॉक्सला सांगतो, ‘मला अमुक प्रकारचा आवाज समजतो.’ ‘ऑटो’ हा पर्याय या उत्तरावर विसंबून असतो.

बॉक्स थेट रिसीव्हरला जोडलेला असेल, तर उत्तर रिसीव्हर देतो आणि ते सहसा बरोबर असते. बॉक्स टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला जोडलेला असेल, तर मात्र उत्तर टीव्ही देतो. काही टीव्ही आपल्या दोन स्पीकरचाच विचार करून ‘मला स्टिरिओ पुरे’ असे सांगतात. मग बॉक्स मुकाट्याने दोन वाहिन्या पाठवतो. साउंडबारला पुढे ५.१ समजत असले, तरी त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. म्हणून सुरुवात ‘ऑटो’ने करावी, पण निकाल तपासल्याशिवाय त्यावर थांबू नये.

कोणत्या घरात कोणते सेटिंग?

टीव्हीतील अ‍ॅप आणि आर्कने जोडलेला साउंडबार : टीव्हीच्या ध्वनी मेनूत आधी आउटपुट ‘एचडीएमआय आर्क’ करावे. त्यानंतर डिजिटल आउटपुट ‘पासथ्रू’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’वर ठेवावे. ‘पीसीएम’ निवडले, तर साध्या आर्कवर हमखास स्टिरिओ मिळतो. बहुतेक टीव्हींत आर्क चालण्यासाठी उपकरणांच्या परस्पर नियंत्रणाची सोयही चालू असावी लागते. सॅमसंगमध्ये तिचे नाव ‘एनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिम्पलिंक’ आणि सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’ असे आहे. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय खाचा असल्या, तरी आर्क सहसा एकाच खाचेवर असते. त्या खाचेशेजारी तसे छापलेले असते.

सेट टॉप बॉक्स टीव्हीला, टीव्ही साउंडबारला : इथे दोन ठिकाणी सेटिंग तपासावे लागते. बॉक्समध्ये ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ आणि टीव्हीत ‘पासथ्रू’ ठेवावे. यातले एक जरी पीसीएमवर राहिले, तरी आवाज स्टिरिओ होऊ शकतो.

ऑप्टिकल केबलचा जुना होम थिएटर : टीव्हीत ‘डॉल्बी डिजिटल’ असा स्पष्ट पर्याय असेल, तर तोच निवडावा. अनेक टीव्ही आणि बॉक्स डॉल्बी डिजिटल प्लसचे रूपांतर साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये करून ऑप्टिकलवर पाठवतात. ‘पासथ्रू’ ठेवले आणि आवाजच बंद झाला, तर जुन्या संचाला न समजणारा प्रकार त्याच्याकडे जात आहे, असे समजावे.

ब्लू-रे प्लेअर थेट एव्ही रिसीव्हरला : इथे जिना रुंद असतो. बिटस्ट्रीम आणि पीसीएम हे दोन्ही पर्याय चालतात. अ‍ॅटमॉस हवे असेल तर बिटस्ट्रीम निवडावे, कारण उंचीच्या स्पीकरविषयीची माहिती रिसीव्हरनेच वाचायची असते. प्लेअरमध्ये ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘ऑडिओ मिक्स’ असा पर्याय असतो. दिग्दर्शकाची टिप्पणी आणि मेनूतले टिकटिक आवाज मूळ आवाजात मिसळण्यासाठी तो असतो. तो चालू ठेवल्यास प्लेअर मूळ प्रवाह जसाच्या तसा पाठवू शकत नाही. चित्रपट पाहताना तो बंद ठेवावा.

गेमिंग कन्सोल : गेममधला आवाज आधीपासून गुंडाळून ठेवलेला नसतो. खेळाडूच्या हालचालीप्रमाणे तो त्या क्षणी तयार होतो. त्यामुळे कन्सोल थेट रिसीव्हरला किंवा ई-आर्कच्या साखळीत जोडलेला असेल, तर बहुवाहिनी पीसीएम उत्तम. पुन्हा गुंडाळण्यात जाणारा वेळही वाचतो. साधे आर्क किंवा ऑप्टिकल असेल, तर मात्र कन्सोलमध्ये डॉल्बी किंवा डीटीएस निवडावे लागते.

फक्त टीव्हीचेच स्पीकर : अशा घरात ५.१ चा हट्ट धरू नये. ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ निवडावे. त्यात सेंटर वाहिनीतले संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये व्यवस्थित मिसळले जातात.

मेनूत नमुन्यांचा दर ४८, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ असा विचारला, तर सर्वांत मोठा आकडा निवडण्याने ४८ वर मुद्रित झालेला चित्रपट सुधारत नाही. तो ‘ऑटो’वर सोडावा.

मूळ ट्रॅकच स्टिरिओ असेल तर?

सेटिंग सगळे बरोबर असूनही मागचे स्पीकर गप्प राहू शकतात, कारण निवडलेल्या भाषेचा ट्रॅकच दोन वाहिन्यांचा असतो. एकाच चित्रपटाचा मूळ भाषेतला आवाज ५.१ मध्ये आणि डब केलेला आवाज स्टिरिओमध्ये असू शकतो. जुन्या मराठी चित्रपटांचा मूळ आवाज तर मोनोच असतो. अ‍ॅपमधील भाषेच्या यादीत नावापुढे ‘५.१’ लिहिले आहे का, ते पाहावे. काही सेवांमध्ये प्लॅन आणि उपकरण यांनुसारही फरक पडतो.

पेन ड्राइव्हवरच्या चित्रपटाचे चित्र दिसते आणि आवाज येत नाही, हाही नेहमीचा अनुभव. फाइलमधला आवाज डीटीएसमध्ये असतो आणि काही टीव्ही डीटीएस उलगडतही नाहीत आणि पुढे पाठवतही नाहीत. फाइल किंवा स्पीकर खराब झाला, असा त्याचा अर्थ नाही. फाइलमध्ये दुसरा ट्रॅक असेल तर तो निवडावा, किंवा डीटीएस समजणारा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडून पाहावा.

खात्री कशी करायची?

पाचही स्पीकर वाजतात म्हणजे ५.१ मिळाले, असे नाही. ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’ या मोडमध्ये तोच आवाज सगळीकडून येतो. दोन वाहिन्यांवरून अंदाजाने पाच वाहिन्या बनवणारे मोडही असतात. जुन्या गाण्यांसाठी ते छान वाटतात, पण मूळ ५.१ आणि त्यांची गल्लत करू नये.

खरी माहिती रिसीव्हरच्या पडद्यावर किंवा साउंडबारच्या माहितीच्या बटणावर मिळते. तिथे येणाऱ्या आवाजाचा प्रकार दिसतो. ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डॉल्बी डिजिटल प्लस’, ‘डीटीएस’ किंवा ‘मल्टी चॅनेल पीसीएम’ दिसले, तर साखळी बहुधा ठीक आहे. नुसते ‘पीसीएम’ किंवा ‘पीसीएम २.०’ दिसले, तर आवाज वाटेत कुठेतरी दोन वाहिन्यांचा झाला आहे, किंवा मूळ ट्रॅकच तसा आहे. डॉल्बी डिजिटलमध्येही दोन वाहिन्यांचा ट्रॅक असू शकतो. त्यामुळे नावाशेजारी ५.१ किंवा ३/२.१ असा आकडा दिसत असेल, तर तोही वाचावा.

रिसीव्हरमधला ‘टेस्ट टोन’ प्रत्येक स्पीकरमधून क्रमाने आवाज सोडतो. तो सगळीकडून नीट आला, तर वायरी आणि स्पीकर शाबूत आहेत. मग दोष आउटपुट सेटिंगमध्ये शोधावा.

संवाद पुटपुटल्यासारखे का ऐकू येतात?

गोळीबाराला भिंती हादरतात आणि पुढच्याच प्रसंगात पात्रे काय बोलली ते कळत नाही. घरातली वडीलधारी मंडळी आवाज वाढवायला सांगतात, मुले कमी करायला. याची तीन कारणे आधी तपासावीत.

पहिले, सेंटर स्पीकर. तो जोडलेला नसेल आणि रिसीव्हरच्या मेनूत ‘सेंटर : आहे’ असे राहिले असेल, तर संवाद नसलेल्या स्पीकरकडे जातात आणि हरवतात. मेनूत ‘नाही’ केले की ते डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटले जातात. स्पीकर असेल तर त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवून पाहावी.

दुसरे, हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर. चित्रपटगृहासाठी हे अंतर मुद्दाम मोठे ठेवलेले असते. फ्लॅटमध्ये रात्री ते अडचणीचे ठरते. ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज कंट्रोल’ हे अंतर कमी करतो. स्फोट दबतात, कुजबुज वर येते. शेजारी झोपलेले असताना हा पर्याय चालू करण्यात काही कमीपणा नाही.

तिसरे, स्पीकरचे अंतर आणि आकार. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. समोरचे स्पीकर सोफ्यापासून तीन मीटरवर आणि मागचे एका मीटरवर असतील, तर मागचा आवाज सहा मिलिसेकंद आधी पोहोचतो. मेनूत खरी अंतरे भरली की रिसीव्हर हा फरक भरून काढतो. छोटे स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला, की खोल आवाज सबवूफरकडे जातात आणि छोट्या स्पीकरवरचा ताण कमी होतो.

ओठ आधी, शब्द नंतर

टीव्हीला चित्रावर प्रक्रिया करायला वेळ लागतो, तर साउंडबारला आवाज उलगडायला. दोन्ही वेळा जुळल्या नाहीत की ओठ आणि शब्द यांची फारकत होते. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतो. उशिरा येणारा आवाज मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. त्याचे कारणही सोपे आहे. लांबून पाहताना धोबी कपडा आपटताना आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, त्यामुळे उशिराच्या आवाजाची माणसाला सवय असते.

आवाज आधी येत असेल, तर ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ थोडे थोडे वाढवावे. आवाज मागे पडत असेल, तर डिले शून्यावर आणून टीव्हीचे डिजिटल आउटपुट पासथ्रूवर ठेवून पाहावे. त्याने मधली एक प्रक्रिया वाचते.

बदल करताना हा क्रम ठेवावा

एकाच वेळी चार सेटिंग बदलली, तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. आधी ५.१ असल्याची खात्री असलेला एक प्रसंग निवडावा आणि प्रत्येक वेळी तोच लावावा. मग उगमापासून सुरुवात करावी : अ‍ॅपमधला ट्रॅक, बॉक्सचे आउटपुट, टीव्हीचे आउटपुट, केबल आणि खाच, शेवटी रिसीव्हरचा मोड. प्रत्येक बदलानंतर रिसीव्हरवर काय दिसते ते पाहावे. ५.१ दिसले की जुळलेल्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. टीव्हीचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर किंवा घरात कुणी मेनूत हात घातल्यावर तोच फोटो कामी येतो.

एवढे करूनही पडद्यावर पीसीएम २.० च दिसत राहिले, तर कोणता दुवा कमी पडतो हे तरी नेमके कळलेले असते. मग दुकानात जाऊन ‘चांगला होम थिएटर दाखवा’ असे मोघम सांगावे लागत नाही. ई-आर्क असलेला साउंडबार हवा की बॉक्स थेट जोडता येईल असा रिसीव्हर, हे आधीच ठरलेले असते.